मोटार कंपनीची विद्युत-योजना कशी वाचावी : सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांसाठी

भोसरी, चाकण आणि तळेगावच्या पट्ट्यात ज्या कारखान्यांत कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, क्लचचे भाग किंवा सायलेन्सरचे ब्रॅकेट तयार होतात, तेथील मालकांना गेली पाच-सहा वर्षे एकच प्रश्न सतावतो आहे. ज्या कंपनीला आपण माल देतो ती खरोखरच विद्युत वाहनांकडे वळणार आहे का, आणि वळणार असेल तर केव्हा व किती? खरेदी विभागातील अधिकारी पुढच्या तिमाहीपलीकडचे बोलत नाहीत आणि कंपनीचे अध्यक्ष बोलतात ते २०३० विषयी. कर्जाचे हप्ते मात्र या दोहोंच्या मधल्या वर्षांत भरावे लागतात. अशा एका कारखान्यात नियोजनाचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवातून व या उद्योगाच्या जाहीर नोंदींतून जी पद्धत हाताशी आली ती येथे मांडतो. तिचा गाभा असा की, घोषणेतील सालाकडे कमी आणि परत फिरवता न येणाऱ्या पैशाकडे जास्त लक्ष द्यावे. कंपनीने साचे, जमीन, बॅटरी आणि प्लॅटफॉर्म (अनेक मॉडेलांना समान असलेली गाडीच्या तळाची रचना) यांत ओतलेली रक्कम तिच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक स्पष्ट बोलते.

सालाची घोषणा बाजूला ठेवावी

व्होल्वोने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले होते की २०३० पासून ती केवळ विद्युत मोटारी विकेल. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने हे उद्दिष्ट बदलले आणि २०३० पर्यंत ९० ते १०० टक्के विक्री पूर्ण विद्युत व प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्या) अशी मिळून असेल, असे सांगितले. मर्सिडीज-बेंझने जुलै २०२१ मध्ये दशकाच्या अखेरीस पूर्ण विद्युत होण्याची तयारी दाखवली, तेव्हाच ‘जेथे बाजाराची स्थिती अनुकूल असेल तेथे’ ही अट जोडलेली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने अपेक्षा खाली आणली तेव्हा त्या अटीचा उपयोग झाला. जनरल मोटर्सने जानेवारी २०२१ मध्ये २०३५ चे साल दिले तेही ‘आकांक्षा’ म्हणून दिले होते. यात फसवणूक नाही. मोठ्या कंपनीला गुंतवणूकदार, सरकार आणि ग्राहक या तिघांशी एकाच वाक्यात बोलावे लागते, म्हणून ते वाक्य सैल ठेवले जाते. आपण ते वाचताना अटीचे शब्द अधोरेखित करावेत आणि ‘विद्युत’ या शब्दात हायब्रिड धरले आहे की नाही हे आधी तपासावे. हायब्रिड धरले असेल तर इंजिन त्या गाडीत राहतेच, आणि आपला कनेक्टिंग रॉडही राहतो.

फोक्सवॅगनचा जर्मनीतील झ्विकाऊ येथील कारखाना याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. सुमारे १.२ अब्ज युरो खर्चून तो संपूर्णपणे विद्युत वाहनांसाठी बदलण्यात आला आणि २६ जून २०२० रोजी तेथून शेवटची इंजिनाची गाडी बाहेर पडली. ज्या कंपनीने हे केले तिची दिशा ठरलेली आहे, हे मानायला हरकत नाही. तरीही युरोपातील मागणी मंदावल्यावर २०२३ च्या सप्टेंबरात त्याच कारखान्यातील दोनशेहून अधिक हंगामी कामगारांचे करार पुढे वाढवले गेले नाहीत. गुंतलेला पैसा कंपनीची दिशा सांगतो, महिन्याचा आकडा सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत केल्याने आमच्या भागातील काही चांगले कारखाने अडचणीत आले, म्हणून आकड्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

गाडीच्या तळाशी वाकून पाहावे

कंपनीची तयारी किती खोल आहे हे पाहण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे तिची शोरूममधील गाडी. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉनची विद्युत आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा ती रांजणगावच्या प्रकल्पात पेट्रोल-डिझेल नेक्सॉनच्याच सांगाड्यावर तयार होत होती. बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि एआरएआय या पुण्यातील वाहनचाचणी संस्थेने प्रमाणित केलेला पल्ला ३१२ किलोमीटर होता. चार्जिंगचा सॉकेट नेमका तेथेच होता जेथे पेट्रोलचे झाकण असते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या पंचच्या विद्युत आवृत्तीत हा सॉकेट नाकाशी आला आणि बॉनेटखाली १४ लिटरचा छोटा कप्पा निघाला, कारण ती अ‍ॅक्टि.ईव्ही या विद्युत वाहनांसाठी आखलेल्या रचनेवरील कंपनीची पहिली गाडी होती. ग्राहकाला ही सोय वाटते. पुरवठादाराला मात्र त्या झाकणाच्या जागेवरून कळते की तळाची पत्र्याची रचना, शीतकाच्या नळ्यांचा मार्ग आणि वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) हे सर्व नव्याने आखले गेले आहे.

या प्रवासाचे तीन टप्पे मानावेत. पहिल्या टप्प्यात जुन्या गाडीतून इंजिन काढून मोटर व बॅटरी बसवली जाते. टाटा आणि महिंद्रा यांना हा टप्पा सरकारी मागणीमुळे परवडला, कारण २०१७ मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेडने दहा हजार विद्युत मोटारींची निविदा काढली होती व ती या दोन कंपन्यांना मिळाली होती. दुसऱ्या टप्प्यात जुन्या सांगाड्यात बॅटरीसाठी मोठे बदल केले जातात. तिसऱ्या टप्प्यात गाडी मुळापासूनच विद्युत म्हणून आखली जाते. पहिल्या टप्प्यातील कंपनीला कमी लेखण्याची चूक करू नये. बॅटरी उन्हाळ्यात कशी वागते, चार्जर कोठे बंद पडतात, ग्राहक रोज खरोखर किती किलोमीटर जातो, हे शिकण्यासाठी जुन्या सांगाड्यावरची गाडी हा स्वस्त मार्ग आहे, आणि माझ्या मते टाटांनी तो सर्वांत समजूतदारपणे वापरला.

महिंद्राचा मार्ग अधिक लांबला. बंगळुरूची रेव्हा ही कंपनी तिने २०१० मध्ये घेतली, २०१३ मध्ये ई२ओ आणली, नंतर व्हेरिटोची विद्युत आवृत्ती आणि जानेवारी २०२३ मध्ये नाशिकमध्ये तयार होणारी एक्सयूव्ही४०० आली. इंग्लो या नव्या प्लॅटफॉर्मवरील बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या सादर व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. रेव्हापासून येथपर्यंत चौदा वर्षे गेली. या गाड्या चाकणला तयार होतात आणि त्यांची मोटर मागच्या आसावर असते. नाशिकच्या एक्सयूव्ही४०० ला सस्पेन्शनचे भाग देणाऱ्या कारखान्याला चाकणच्या गाडीचे काम आपोआप मिळत नाही, कारण भार, वजन आणि बसवण्याच्या जागा सगळ्याच वेगळ्या आहेत. टप्पा बदलला की पुरवठादारांची यादीही नव्याने लिहिली जाते, आणि ती गाडी रस्त्यावर येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच लिहिलेली असते. सादरीकरणाचे फोटो वर्तमानपत्रात पाहून चौकशीला गेलेल्या माणसाला म्हणूनच उशीर झालेला असतो. नव्या प्लॅटफॉर्मचे नाव प्रथम जाहीर होते तेव्हाच जावे. इंग्लोचे नाव ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडमधील बॅनबरी येथे जाहीर झाले होते, म्हणजे गाडीच्या सव्वादोन वर्षे आधी.

बॅटरी कोणाची, हे विचारावे

जुन्या मोटार कंपनीची खरी ओळख तिच्या इंजिनात असते. विद्युत गाडीत सर्वांत महाग भाग बॅटरी हा असतो, आणि तिचे सेल, म्हणजे वीज साठवणारे सुटे घटक, बहुतेक वेळा दुसऱ्याचे असतात. टाटांनी नेक्सॉनसाठी चीनच्या गोशन कंपनीचे सेल वापरले आणि त्यांचे पॅक (गाडीत बसणारे पूर्ण बॅटरीसंच) पुण्याच्या टाटा ऑटोकॉम्पने जुळवले. महिंद्राच्या नव्या गाड्यांत चीनच्याच बीवायडीचे सेल आहेत आणि पॅक चाकणला जुळवले जातात. टाटा समूहाने अग्रतास ही वेगळी कंपनी काढून साणंदला २० गिगावॅट-तास क्षमतेच्या सेल कारखान्याचा करार जून २०२३ मध्ये गुजरात सरकारशी केला. हा करार आणि त्यामागची सुमारे १३,००० कोटी रुपयांची रक्कम हे माझ्या दृष्टीने टाटांच्या विद्युत धोरणाचे सर्वांत बोलके विधान आहे, कारण सेल तयार करण्याचा कारखाना बॅटरीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही.

बॅटरीची किंमत हे सगळ्या वेळापत्रकाचे मूळ आहे, म्हणून एक छोटा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगातील पॅकची सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होती, आणि २०१० मध्ये ती हजार डॉलरच्या वर होती. ३० किलोवॅट-तासांचा पॅक या दराने सुमारे ३,४५० डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने तीन लाख रुपयांच्या आत-बाहेर पडतो. एका छोट्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, टाकी आणि सायलेन्सर मिळून जो खर्च होतो तो आपल्याला आपल्याच बिलांवरून साधारण माहीत असतो. या दोन आकड्यांतील अंतर जसे कमी होत जाईल, तसा कंपनीचा निर्धार पक्का होत जाईल.

आपल्याला सेल बनवायचे नाहीत, पण पॅकभोवती काम पुष्कळ आहे. पॅकचा अ‍ॅल्युमिनियम किंवा पोलादी ट्रे, सेलखालची शीतकाची चपटी प्लेट, तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या), झाकणाची सील आणि नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबलचे क्लॅम्प हे सगळे कोणीतरी बनवते. सेल परदेशी असले तरी ट्रे परदेशातून आणणे वजनामुळे व भाड्यामुळे परवडत नाही. येथे शिरायचे असेल तर सुरक्षेच्या नियमांचे वाचन अनिवार्य आहे. एआयएस-०३८ या मानकाच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीतील बॅटरीविषयक कडक अटी डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या, आणि त्यांच्या चाचण्या पुण्यातच एआरएआयमध्ये होतात.

मोटरच्या बाजूने एक धोकाही नोंदवून ठेवावा. चीनने ४ एप्रिल २०२५ पासून काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि त्यानंतर भारतातील विद्युत वाहनांच्या उत्पादकांना चुंबकांची टंचाई जाणवली. चुंबक आला नाही तर मोटर होत नाही, आणि मोटर झाली नाही तर आपली हाउसिंग (मोटरचे बाहेरचे कवच) आपल्याच गोदामात पडून राहते. म्हणून चुंबक कोठून येतो आणि साठा किती दिवसांचा आहे, हे मोटरच्या पुरवठादाराला विचारण्यात संकोच करू नये.

पैसा आणि नियम

जुनी कंपनी विद्युत व्यवसाय वेगळ्या कंपनीत ठेवते का, आणि त्यात बाहेरच्याचा पैसा आला आहे का, हे पाहावे. टीपीजी राइज क्लायमेट या गुंतवणूक निधीने ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांच्या विद्युत प्रवासी-वाहन व्यवसायात ७,५०० कोटी रुपये गुंतवण्याचे मान्य केले. ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या गुंतवणूक संस्थेने जुलै २०२२ मध्ये महिंद्राच्या विद्युत कंपनीसाठी १,९२५ कोटी रुपये आणि सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने २०२३ मध्ये १,२०० कोटी रुपये देऊ केले. बाहेरचा भागीदार वर्षाला हिशेब मागतो, त्यामुळे योजना गुपचूप गुंडाळून ठेवणे अवघड होते. फोर्डने २०२२ मध्ये विद्युत विभाग वेगळा केल्यामुळेच जगाला कळले की २०२३ मध्ये त्या विभागाला ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. तोटा उघड दाखवणारी कंपनी मला तोटा लपवणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची २५,९३८ कोटींची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली आणि तिचा लाभ घेण्यासाठी वाहनात किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन असावे लागते. ही अट आपल्यासाठी दार उघडणारी आहे. कंपनीला हे प्रमाणपत्र मिळवताना खालच्या पुरवठादारांकडून आयात किती आणि देशी किती याचा कागदोपत्री पुरावा लागतो. आपल्या भागाचा असा तक्ता तयार ठेवून चर्चेला जाणारा छोटा कारखानदार, दोन रुपये स्वस्त दर देणाऱ्यापेक्षा अधिक गांभीर्याने ऐकला जातो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

करांचा आणि इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांचा परिणाम गाडीच्या आकारावर होतो. विद्युत वाहनांवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के ठरला. छोट्या गाडीत फरक १३ टक्क्यांचा आणि मोठ्या गाडीत ३५ टक्क्यांचा राहिला. कंपन्या विद्युत गाड्यांची ताकद मोठ्या एसयूव्हींत का लावत आहेत, याचे निदान एक कारण यात आहे. शिवाय कार्बन उत्सर्जनाच्या सरासरीचे नियम, ज्यांना या व्यवसायात ‘कॅफे’ म्हणतात, ते एका विद्युत गाडीची गणना तीन गाड्यांइतकी करतात. त्यामुळे थोड्या विद्युत गाड्या विकूनही कंपनीच्या बऱ्याच पेट्रोल-डिझेल एसयूव्ही नियमात बसतात. अशा कंपनीला विद्युत गाडी हवीच असते, पण अमर्याद संख्येने हवी असते असे नाही, आणि आपली क्षमता ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा.

आपल्या कारखान्यातील वही

आता आपल्या बाजूचे काम. एका वहीत आपले सगळे भाग लिहून त्यांचे तीन गट करावेत. पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, क्लच, सायलेन्सर हे पूर्ण विद्युत गाडीत नसतात. दाराची बिजागरी, सीटचे रूळ, काच, आरशाचा आधार हे जवळजवळ तसेच राहतात. खरा अभ्यास तिसऱ्या गटाचा, म्हणजे नाव तेच राहून गुण बदलणाऱ्या भागांचा करावा लागतो.

गिअरचेच पाहा. विद्युत गाडीत गिअर कमी लागतात, म्हणून गिअरचा धंदा गेला, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात मोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते आणि तिचा वेग उतरवायला रिडक्शन गिअर लागतोच. इंजिनाच्या आवाजात दातांची जी किणकिण पूर्वी लपून जायची, ती शांत गाडीत चालकाच्या कानात शिरते. त्यामुळे ज्या दाताला पूर्वी शेव्हिंग (तासकाम) पुरत होते त्याला आता ग्राइंडिंग किंवा होनिंग (अधिक बारीक घासकाम) करावे लागते, आणि तपासणीचा अहवाल मायक्रॉनमध्ये द्यावा लागतो. काम कमी नगांचे, पण नगाला अधिक किंमत देणारे आहे. मशीन आणि माणूस या दोघांची तयारी मात्र वेगळी करावी लागते.

दुसरे उदाहरण मोटरच्या हाउसिंगचे आहे. आमच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे पहिले पन्नास नग मशिनिंगनंतर पाण्याच्या टाकीत बुडवून हवेच्या दाबाने तपासले, तेव्हा मापात अचूक असलेल्या बारा नगांतून बारीक बुडबुड्यांच्या रांगा निघू लागल्या. ओतकामाचा वरचा दाट थर टूलने काढला गेला होता आणि आतली सूक्ष्म छिद्रे उघडी पडली होती. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये अशा छिद्रांनी काहीही बिघडत नाही. शीतकाचे पाणी ज्या भिंतीतून फिरते त्या हाउसिंगमध्ये मात्र तो नग भंगारात जातो. ओतकाम करणाऱ्याशी बसून मशिनिंगसाठी सोडलेला जाडीचा वाव कमी केल्यावर प्रश्न आटोक्यात आला, पण त्यात चार महिने गेले. नव्या भागाचा दर देताना अशा चार महिन्यांचा खर्च धरावा.

शेवटी आकड्याचा प्रश्न. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यांत पूर्ण विद्युत मोटारी एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे इंजिनाचे भाग उद्या बंद होत नाहीत, आणि जुन्या ओळीतून येणारा पैसाच नव्या ओळीला काही वर्षे पोसणार आहे. हाच हिशेब मोठी कंपनीही करत असते. आमच्या कारखान्याला एका खरेदीदाराने नव्या विद्युत गाडीसाठी महिन्याला लागणाऱ्या संचांचा मोठा आकडा तोंडी सांगितला होता. त्या भरवशावर मशीनसाठी कर्ज काढले, गाडीचे काम पुढे ढकलले गेले, आणि पहिल्या वर्षात सांगितलेल्या संख्येच्या एक-चतुर्थांश मालही उचलला गेला नाही. साच्याचा खर्च कोण देणार, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी माल उचलल्यास तो खर्च कसा वसूल होणार आणि कार्यक्रम पुढे गेल्यास नोटीस किती दिवसांची, हे आम्ही लेखी घेतले नव्हते.

त्यानंतर नव्या भागासाठी बसताना आम्ही पाच गोष्टी कागदावर मागू लागलो : भाग कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, तो प्लॅटफॉर्म किती मॉडेलांत वापरला जाणार आहे, टूलिंगची (त्या भागासाठी केलेल्या साच्यांची व साधनांची) मालकी कोणाची, टूलिंगचा खर्च किती नगांवर विभागला आहे आणि त्या नगांच्या आत कार्यक्रम थांबल्यास उरलेली रक्कम किती दिवसांत मिळणार. पाचही उत्तरे प्रत्येक वेळी मिळत नाहीत. तीन मिळाली तर आम्ही हाताशी असलेल्या मशीनवर काम सुरू करतो, आणि पाचवे उत्तर हाती आल्याखेरीज नव्या मशीनसाठी बँकेत अर्ज करत नाही.